सातासमुद्रापार मराठवाड्याचा खाऊ: पेढ्यापेक्षा कापण्या बऱ्या

परदेशी निघालेल्या पोराच्या बॅगेत नातेवाईक दोन डबे हमखास कोंबतात. एक कुंथलगिरीच्या पेढ्याचा, दुसरा शेंगदाण्याच्या चटणीचा. ‘तिकडच्या लोकांना दे, म्हणावं खाऊन बघा.’ हेतू चांगला, निवड चुकीची. घरच्या ताटात दोन्ही पहिल्या नंबरचे, पण तिकडच्या ऑफिसात, वसतिगृहात किंवा शेजाऱ्यांत वाटायला मराठवाड्यातल्या सगळ्या खाऊत सर्वांत अडचणीचे हेच. एक विमानतळावर अडतो, दुसरा ऑफिसच्या दारात.

म्हणून हे परीक्षण चवीपुरतं नाही. प्रत्येक पदार्थाला चार प्रश्न विचारले आहेत. कस्टमवाले सोडतात का? प्रवास धरून पंधरा दिवस टिकतो का? आपल्या तिखट-गोडाची सवय नसलेला माणूस दुसरा तुकडा उचलतो का? आणि त्यात काय काय आहे हे एका चिठ्ठीवर स्वच्छ लिहिता येतं का? चौथा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. तिकडे मात्र खाऊ हातात घेण्याआधी पहिला तोच येतो.

पेढ्यापासून सुरुवात करू. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा आणि पेढा नावाजलेला आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद नियमांशी आहे. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, ब्रिटनमध्येही भारतातून नेण्याला हीच बंदी. बिस्किटं, केक, चॉकलेट यांना सूट आहे, पण खवा म्हणजे आटवलेलं दूधच, त्यामुळे पेढा, बर्फी, कलाकंद या सुटीत बसत नाहीत. घरचं तूपही नाही. तुपातला बेसनलाडू बॅगेत असेल तर त्याचं काय करायचं हे समोरचा अधिकारी ठरवतो, आणि त्याच्याशी तिथे वाद घालून उपयोग नसतो. ऑस्ट्रेलियाही दुधाच्या मिठाईबाबत कडक. न्यूझीलंडमध्ये धोक्याचा पदार्थ जाहीर न करता नेला तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. अमेरिकेत खाण्याची वस्तू फॉर्मवर किंवा तोंडी जाहीर करायचीच. जाहीर केलेली वस्तू फार तर टाकून देतात, लपवलेली सापडली की दंड.

नियम बाजूला ठेवले तरी पेढा प्रवासाला कच्चाच. लातूर, नांदेड, परभणीहून विमान गाठायचं म्हणजे मुंबई नाहीतर हैदराबाद. देवगिरी एक्सप्रेसची रात्र, विमानतळावरचे तास, पुढे विमान, मध्ये कुठे तरी बदल. खव्यात ओल असते. एप्रिल-मेमध्ये स्लीपरच्या डब्यात ठेवलेला पेढा पोहोचेपर्यंत आंबूस होतो किंवा त्यावर बुरशीचे ठिपके दिसतात. आप्तांना द्यायचा असेल तर ते इकडे आल्यावर द्या.

आता कापण्या. आषाढ तळताना घरोघरी होणारा हा कणीक-गुळाचा साधा पदार्थ या कामाला सगळ्यांत चांगला, आणि बाजारात त्याला फारसा मान नाही हे आश्चर्य आहे. दूध नाही, तूप नाही, शेंगदाणे नाहीत. एका घासाचा तुकडा, हाताला चिकटत नाही, चुरा होत नाही, महिनाभर टिकतो. गोडी मध्यम असते. आपल्या मिठाईने ज्यांचे दात शिवशिवतात त्या माणसांनाही ती झेपते, कॉफीबरोबर तर दोन-तीन तुकडे सहज जातात.

विकतच्या कापण्या बचत गटांच्या स्टॉलवर आणि फराळाच्या दुकानांत मिळतात, पण बऱ्याच ठिकाणी मैदा मिसळलेला असतो आणि तेल जुनं असतं. वास घेऊन बघा. किंचित रंगाच्या डब्यासारखा वास आला तर तो खवटपणा आहे, प्रवासात तो वाढतच जातो. त्यापेक्षा घरी करणं सोपं. अर्धा किलो कणीक, 50 ग्रॅम बेसन, अडीचशे ग्रॅम चिरलेला गूळ, दीडशे मिलिलिटर पाणी, 50 मिलिलिटर कडकडीत तेलाचं मोहन, चिमूटभर मीठ, वेलची किंवा सुंठ. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, उकळायचा नाही. उकळला की पाक होतो आणि कापण्या दगडासारख्या होतात. पीठ पुरीपेक्षा घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. पाणी कमी वाटलं तर चमच्या-चमच्याने वाढवा, एकदम नको. पोळी चार मिलिमीटर जाड लाटून, वर तीळ पेरून लाटणं फिरवायचं आणि शंकरपाळ्यासारखे पण थोडे मोठे तुकडे कापायचे.

सगळं बिघडतं ते तळताना. तुकडा टाकल्यावर तो तळाशी जाऊन पाच-सहा सेकंदांनी सावकाश वर यायला हवा. लगेच उसळून वर आला तर तेल जास्त तापलंय. मग गूळ बाहेरून करपतो, आत ओल राहते, आणि तीच ओल डब्यात पसरून चौथ्या दिवशी कापण्या सादळतात. तेलात तुकडे विरायला लागले तर गूळ जास्त झालाय, मूठभर कणीक मळून सावरता येतं. हातात घेताच भुगा होत असेल तर मोहन जास्त. एक घाणा मंद आचेवर पाच-सहा मिनिटं घेतो, घाई करायची नाही. मग कागदावर पसरून चार-पाच तास पूर्ण गार होऊ द्यायच्या. कोमट असताना डबा बंद केला की झाकणाला वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया. पावसाळ्यात गार झाल्याझाल्या भरा, कारण गूळ हवेतली ओल ओढतो. तेल शेंगदाण्याचं वापरू नका, का ते पुढे येईल. करडईचं किंवा सूर्यफुलाचं वापरा.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवायची: कापण्यांवर आणि अनारशांवर खसखस लावायची आपल्याकडे पद्धत आहे, पण आखाती देशांत जाणाऱ्या डब्यात खसखशीचा एक दाणाही जाता कामा नये. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. सिंगापूरलाही ती नेऊ नये. दुबई-शारजाला निघालेल्याच्या बॅगेत आजीने दिलेले अनारसे म्हणजे नसती आफत. अमिरातीसाठी तीळ लावा. उलट जर्मनी, पोलंड, ऑस्ट्रिया इथे खसखशीचे केक आणि रोल घरोघरी खातात. तिथल्या माणसाला अनारसा दिला तर ओळखीची चव सापडल्यासारखी तो खुलतो. फक्त अनारसा नाजूक आहे. जाळी पडलेला असतो, धक्क्याने मोडतो, तुपात तळलेला असेल तर पुन्हा दुधाच्या नियमाचा प्रश्न येतो. डझनभर नेले तर सात-आठ धड पोहोचतात असं धरून चाला.

शेंगदाणे हा मराठवाड्याच्या स्वयंपाकाचा कणा. चटणी, शेंगापोळी, चिक्की, कूट, भाजीत, कोशिंबिरीत, सगळीकडे. तिकडे नेमकी हीच वस्तू लोकांना घाबरवते, आणि त्याला कारण आहे. शेंगदाण्याच्या ॲलर्जीत घसा सुजून श्वास बंद पडू शकतो, तेही काही मिनिटांत. अनेक शाळांत, पाळणाघरांत शेंगदाणा आणायलाच मनाई असते. युरोपीय संघाच्या 2011 च्या नियमानुसार 14 ॲलर्जीकारक घटक पाकिटावर ठळक छापावे लागतात. आपल्या खाऊत त्यांतले बरेच भेटतात: शेंगदाणा, तीळ, मोहरी, गहू, दूध, काजू-बदाम, सोयाबीन. अमेरिकेत अशा मुख्य घटकांची यादी नऊची आहे. त्यात तीळ सर्वांत शेवटी आला आणि 1 जानेवारी 2023 पासून तो पाकिटावर लिहिणं बंधनकारक झालं.

म्हणून शेंगदाण्याची चटणी ऑफिसच्या सामाईक टेबलावर ठेवायची वस्तू नाही. ज्याच्याशी ओळख आहे, ज्याला चालतं हे माहीत आहे, त्याला छोट्या बरणीत द्या. पावाला लोणी लावून त्यावर भुरभुरायला सांगा. लसूण जास्त असलेली चटणी अगदी थोडी द्या, कारण बंद खोलीत तो वास दिवसभर हलत नाही.

ॲलर्जीच्या यादीत एक छुपा रुस्तमही आहे, हिंग. बाजारातला नेहमीचा हिंग निव्वळ नसतो, त्यात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. त्यामुळे ‘आमच्या चिवड्यात गहू नाही’ असं छातीठोक सांगण्याआधी हिंगाची डबी उलटी करून वाचा. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आजार होणाऱ्याला तेवढंही बाधू शकतं.

ज्वारीचा मुद्दा इथेच येतो. ज्वारीत ग्लुटेन नाही, आणि ग्लुटेन न खाणारी माणसं तिकडे प्रत्येक ऑफिसात दोन-चार असतात. त्यांना वाढदिवसाचा केक चुकतो, बिस्किटं चुकतात, म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम काही आणलं तर त्याची फार किंमत असते. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची दगडी ज्वारी, परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं परभणी मोतीसारखं वाण, असा माल आपल्याच दारात आहे. पण सावध. गावातल्या गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळली की गव्हाचं पीठ मिसळतंच, आणि ग्लुटेनमुक्त म्हणवायला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गिरणीचं पीठ ती पाळेल याची खात्री नसते. म्हणून पीठ न नेता नागपंचमीला करतो तशा ज्वारीच्या लाह्या न्या. दाणे निवडून, गरम पाण्याचा हबका मारून रात्रभर दडपून ठेवायचे, सकाळी खूप तापलेल्या कढईत मूठ-मूठ टाकून फडक्याच्या बोळ्याने हलवत फोडायचे. गार झाल्यावर चमचाभर गरम तेल, मीठ, हळद. मक्याच्या पॉपकॉर्नची ही छोटी भावंडं लोक मुठीने खातात, दाताला सालही कमी अडकतं. एकच तोटा, जागा फार खातात. पाव किलोला अर्धी बॅग भरते. हुरड्याचा तर विषय काढू नका, तो शेतातच खायचा.

चिवडा ठीकच. पातळ पोह्यांचा नेला तर वाटेत भुगा होतो, मक्याचा किंवा भाजक्या पोह्यांचा तगतो. शेंगदाणे काढा, खोबऱ्याचे काप कमी करा, हिरव्या मिरचीऐवजी तिखट घाला. नावाजलेल्या कारखान्याच्या पाकिटात घटक इंग्रजीत छापलेले असतात, तेवढा एक फायदा. चकली चवीला लोकांना आवडते, पण दहापैकी पाच तुटून पोहोचतात, मग तुकडे वाटताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. धपाटे दोन-तीन दिवसांचे, ते स्वतःच्या प्रवासासाठी.

तिळाची वडी चांगली, आणि ओळखीची निघते. ग्रीसचा माणूस पास्तेली म्हणून तिला ओळखतो, पश्चिम आशियातल्या लोकांकडेही तिळाची गोड वडी आहेच. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेच्या गोळ्या मात्र निवडून द्याव्यात. मेक्सिको किंवा थायलंडचा सहकारी असेल तर तो त्यावर तुटून पडेल, त्यांच्याकडे चिंच-मिठाच्या गोळ्या लहानपणापासूनच्या. उत्तर युरोपातला माणूस तोंड वाकडं करून शिष्टाचारापुरता गिळेल.

हळद, येसर (आमटीसाठी भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ), धर्माबादची मिरची ही भेट स्वयंपाक करणाऱ्यालाच. वसमतची हळद पन्नास ग्रॅमच्या दुहेरी पुडीत द्या, पुडी फुटली तर समोरच्याची पांढरी ओट्याची फरशी कायमची पिवळी. येसर परक्या माणसाला देण्यात अर्थ नाही, त्याची आमटी कशी करायची इथूनच सुरुवात करावी लागते. तिकडे राहणाऱ्या लातूर-धाराशिवच्या कुटुंबाला दिला तर मात्र त्याच्यासारखी भेट नाही, कारण तो तिकडच्या भारतीय दुकानांत सहसा मिळत नाही. ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांनी आख्खा, न दळलेला माल विसरावा. धान्य पोखरणाऱ्या खापरा भुंग्याच्या भीतीने तिथे प्रवाशाच्या सामानातून आणि टपालाने तांदूळ, हरभरा, तूर, धने, जिरे, सुकी मिरची असं कच्चं धान्य-मसाला आणायला मनाई आहे. बोरसुरीची डाळ कितीही नामी असली तरी इथेच ठेवा. अमेरिकेतही घरचा तांदूळ याच भुंग्यापायी अडवतात.

बांधणीचं एक शास्त्र आहे. उडत्या विमानात केबिनमध्ये आणि खालच्या सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. त्यामुळे हवा भरून सील केलेली पिशवी फुगते आणि शिवणीवर फुटू शकते, लोणच्याच्या बरणीतली हवा तेल बाहेर ढकलते. पिशवी हवेने टम्म भरू नका, फुगायला एकतृतीयांश जागा सोडा. व्हॅक्यूम पॅकिंग कापण्यांना उत्तम, चिवड्याला आणि लाह्यांना अजिबात नाही, त्यांचा तिथेच चुरा होतो. लोणचं न्यायचंच तर काच नको, रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वर टेप, आणि सगळं मिळून दोन पिशव्यांत, खालच्या सामानात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. तेलामुळे पेटण्याचा धोका म्हणून विमान कंपन्या त्या काढायला लावतात. अमेरिकेला जाताना साडेतीनशे मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटी हातातल्या बॅगेत असेल तर वेगळी तपासणी होते, म्हणून मेतकूट-चटणी खालीच टाका.

विकत घेताना पाकिटावर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक, इंग्रजीत घटक आणि तारीख आहे का बघा. छत्रपती संभाजीनगरच्या प्रदर्शनांत काही बचत गट आता नीट छापील पाकीट देतात, काही अजून साध्या पिशवीला स्टेपल मारतात. चव दुसऱ्याची सरस असली तरी परदेशासाठी पहिलं घ्या. घरच्या पदार्थाला स्वतः चिठ्ठी लावा: नाव, घटक, तळलेलं तेल, केल्याची तारीख, आणि ‘शेंगदाणे असलेल्या स्वयंपाकघरात बनवलेलं’ ही ओळ. ही ओळ वगळून ‘नट-फ्री’ लिहिणं खोटेपणा आहे, कारण कढई तीच असते.

वाटण्याची रीत देशागणिक निराळी. जपानमध्ये सुट्टीवरून परतलेला माणूस ऑफिसासाठी खाऊ आणतोच, पण प्रत्येक तुकडा वेगळ्या वेष्टनात असतो. तिथे उघड्या डब्यात हात घालायला लावू नका, चार-चार कापण्या छोट्या पाकिटात भरा. जर्मनीत वाढदिवस ज्याचा, केक त्याने आणायचा, त्या दिवशी आपला डबा अगदी शोभतो. आखातात रमजानमध्ये दिवसा डबा उघडून फिरू नका, इफ्तारच्या वेळी द्या. अमेरिकेत शेजारच्या मुलांना हॅलोविनला घरचा खाऊ देऊ नका, पालक तो न उघडता टाकून देतात, तिथे फक्त कारखान्याचं बंद पाकीट चालतं.

टपालाने पाठवायचं असेल तर भेटीच्या किमतीची मर्यादा बघा. युरोपीय संघात माणसाने माणसाला पाठवलेली भेट 45 युरोपर्यंत करमुक्त, ब्रिटनमध्ये 39 पौंडांपर्यंत. कस्टमच्या अर्जावर ‘फूड’ एवढंच लिहून चालत नाही. ‘गव्हाची गुळाची बिस्किटं, दूध नाही, 900 ग्रॅम’ असं इंग्रजीत लिहा. कापण्यांना बिस्किट म्हणायला काहीच हरकत नाही, त्या तशाच आहेत.

खाण्यापलीकडच्या भेटींत छत्रपती संभाजीनगरचं विणलेलं कापड हिमरू पहिलं. सुती ताणा, रेशमी बाणा आणि मागच्या बाजूला मोकळे सुटलेले धागे ही हातमागाच्या हिमरूची खूण. उलट बाजू अगदी सपाट, चकचकीत दिसली तर यंत्रावरचा कृत्रिम रेशमाचा माल समजा. शालीऐवजी मफलर किंवा टेबलावरची पट्टी द्या, परदेशात शाल कशी घ्यायची हे कुणाला ठाऊक नसतं. पैठणीच्या काठाचे बटवे म्हणून जे मिळतं ते बहुतेक कृत्रिम जरीचं असतं. स्वस्त, हलकं, दिसायला छान, फक्त ‘अस्सल पैठणी’ म्हणून देऊ नका. तुळजापूरची कवड्यांची माळ फॅशनचा दागिना म्हणून वाटायची वस्तू नाही, ती आईची खूण आहे.

परत येताना गावाकडच्यांसाठी काय आणायचं, याची परीक्षा तर आणखी कडक. चॉकलेटातलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं आणि मे महिन्यात नांदेड-परभणी 42 च्या वर असतं. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढरी साय येते. ती बुरशी नव्हे, पण आजी ते फेकून देणारच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच चॉकलेट आणा. हिरव्या ठिपक्याची किंवा तपकिरी त्रिकोणाची आपली खूण परदेशी पाकिटावर नसते, म्हणून मागचा बारीक मजकूर वाचा: जिलेटिन (रबरी गोळ्यांत बहुधा डुकराचं), ई 120 हा किड्यांपासूनचा लाल रंग, ई 904 ही लाखेची चकाकी. इटलीच्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा घटक, असतो. माळकरी घरात वाटायचं असेल तर यांतलं काहीच नको. दारू भरलेली चॉकलेटं वेगळी ओळखू येत नाहीत, वेष्टनावर ‘लिक्यूर’ (liqueur) शब्द शोधा. आखातातून येणाऱ्यांना मात्र सोपं आहे. खजुराला ना वितळायची भीती, ना जिलेटिनची, आणि एकादशीलाही तो चालतो.